सतरावं उदाहरण

"सतरा बाजूला सरकतंय," मॅडम म्हणाल्या. "स्पेस देऊ नकोस. टॅब दे."

मी टॅब दिला. 'दाढी' या शब्दाखाली त्याचा अर्थ आला, 'ठेवली'खाली काळ, लिंग, वचन आलं, आणि तिसऱ्या ओळीत अवतरणचिन्हांत इंग्रजी भाषांतर बसलं. परदेशी नियतकालिकाची अट तशीच होती. मूळ वाक्य, त्याच्या खाली शब्दागणिक व्याकरण, त्याखाली भाषांतर. शब्दाखाली शब्द अगदी नेमका. असली एकूण बेचाळीस उदाहरणं होती. सकाळपासून सतरा झाली होती.

२००३ सालचा एप्रिल होता. मी पुण्यात भाषाविज्ञानात पीएचडी करत होते. डॉ. निर्मला आगाशे माझ्या मार्गदर्शक. त्या जूनमध्ये निवृत्त होणार होत्या आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी होते. लेखावर आमची दोघींची नावं होती, आणि माझं आधी होतं. ते मॅडमनीच तसं केलं होतं. महिनाअखेरीस एका कॉलेजात माझी मुलाखत होती आणि अर्जात मी 'लेख स्वीकृत' असं लिहून बसले होते. खरं म्हणजे तो दुरुस्त्यांच्या अटीवर स्वीकृत होता.

लेख आमच्या वऱ्हाडातल्या 'म्हने' या शब्दावर होता. स्वतः न पाहिलेली गोष्ट सांगताना आमच्या गावात वाक्याच्या शेवटी 'म्हने' लागतं. 'पाटलाची म्हैस मेली म्हने.' डोळ्यांनी पाहिली असेल तर नुसतं 'मेली'. प्रमाण मराठीतही 'म्हणे' आहे, पण तिथं ते लावलं काय, न लावलं काय, चालून जातं. आमच्याकडे हा नियम पक्का आहे, 'म्हने' नसलं की बोलणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं असतंच, असा आमचा दावा होता.

त्याचा सगळ्यांत चांगला पुरावा सोळावं आणि सतरावं उदाहरण. दोन्ही वाक्यं एकाच बाईची, माझ्या मोठ्या आईची. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. सोळावं: 'धाकले भाऊजी पुरात गेले म्हने.' सतरावं: 'भाऊजीनं दाढी ठेवली होती.'

सोळाव्यातले धाकटे भाऊजी म्हणजे माझे बाबा. मी नऊ वर्षांची असताना ते खंडव्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेले. पुढच्या पावसाळ्यात तिकडे नदीला पूर आला आणि बाबा गेल्याची बातमी गावात आली; आईला ती बाजारात भेटलेल्या एका माणसानं सांगितली, असं मी ऐकत आले होते. मोठ्या आईचे यजमान, मोठे बाबा, शोधायला निघाले, पण रस्ते तुटलेले होते, ते अर्ध्यातून परतले. देह मिळाला नाही. पिठाचा पुतळा करून दिवस केले. आई तेव्हा एकतीस वर्षांची होती. तिनं कुंकू पुसलं आणि ती मोठ्या आईच्याच घरात राहिली.

स्वतःच्या बापाचं मरण असं क्रमांक घालून लिहिताना सुरुवातीला हात अडखळला होता. नंतर सवय झाली. सतराव्यातले भाऊजी म्हणजे मधले काका, हे मी धरूनच चालले होते. त्यांनी एकदा नवसाची दाढी ठेवली होती.

"आता परीक्षकांचं पत्र घे," मॅडम म्हणाल्या. "पहिलं काय विचारलंय त्यांनी?"

मी वाचलं. पहिल्या परीक्षकाला नुसते स्वल्पविराम आणि संदर्भसूची खटकली होती. दुसऱ्यानं दोन गोष्टी मागितल्या होत्या. ज्यांची वाक्यं वापरली त्यांची लेखी संमती. आणि उदाहरण सतरा कुठल्या संदर्भात बोललं गेलं, बोलणाऱ्या बाईनं ती गोष्ट खरोखर पाहिली होती का, याची तिच्याकडून खात्री.

"बरोबर विचारलंय," मॅडम म्हणाल्या. "दहा दिवस आहेत. टेप ऐक, संदर्भ काढ, आणि गावी जाऊन ये."

टेप मी आधी ऐकलीच नव्हती, हे त्यांना सांगायची लाज वाटली. रेकॉर्डर समोर असला की माणसं पुस्तकी बोलतात, म्हणून मी तो चालू करून फळीवर ठेवायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. मोठ्या आईला सांगितलेलं होतं, पण अर्ध्या तासात ती विसरून जायची. टेपवरचं लिहून काढायला विभागानं यवतमाळची एक मुलगी लावली होती. तिनं वाक्यं सुटी करून दिली, 'म्हने' असलेली एका कागदावर, नसलेली दुसऱ्या. मी त्यातून निवडली.

विभागात ध्वनिमुद्रणं ऐकायला एक लहान खोली होती. भिंतींना घोंगड्या ठोकलेल्या, खिडकी नाही, आणि पंखा लावला तर ऐकू येत नाही म्हणून तो काढूनच टाकलेला. दार आतून लावलं की बाहेरचं काहीच कानावर येत नसे. भर दुपारी तिथं बसून मी कॅसेट पुढे नेत राहिले. मोठी आई आणि तिची शेजारीण चंद्रभागाबाई सरकी, सुना, गुडघेदुखी यांवर बोलत होत्या. मग मोठ्या आईचा आवाज खाली आला.

"डोयाच्या आपरेशनले खंडव्याले गेली ना मी, मायी बहीन होती तिथं. तं दवाखान्याच्या समोर चहाच्या टपरीवर बसेल होते. भाऊजीनं दाढी ठेवली होती. पन मी वयखलं. मले पाह्यलं अन् उठून उभे रायले."

"मंग?"

"मंग काय. मांगून एक पोरगं आलं, बाबा म्हनलं त्याईले. चार-पाच वर्साचं असन."

"जोसनाले सांगतलं नाही?"

जोसना म्हणजे मी, ज्योत्स्ना. यावर मोठी आई काय म्हणाली ते कळत नाही, कारण तिथं माझाच आवाज येतो. मोठा, आनंदी, स्वयंपाकघरातून. "मोठी आई, चहात साखर टाकू का तुले?"

"टाक वं बाई, थोडीशी," मोठी आई म्हणते. मग दोघी गुडघ्यांवर येतात.

मी ती जागा पाच वेळा ऐकली. पाचव्यांदा मी फक्त माझा आवाज ऐकला. मग उठायचं म्हटलं तर दाराची कडी उघडेना. ती नेहमीचीच होती, वर उचलून ओढायची असायची, मला ते माहीत होतं. तरी मी बराच वेळ नुसती ओढत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना म्हणाले, "सतरा काढू या का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "का?"

"संदर्भ नीट मिळत नाहीये."

"टेप खराब आहे?"

"नाही."

"मग?"

मी टेबलावरचे कागद जुळवत बसले. मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी छापील प्रत पुढे ओढली आणि पेन्सिलीनं दाखवत गेल्या. "इथं सतराचा आधार घेतलाय. इथंही. हा अख्खा चौथा भाग त्याच्यावर उभा आहे. ते काढलं तर परीक्षक विचारणार, का काढलं. काय सांगशील? मागे घेतलं तर लेख पुन्हा पहिल्यापासून. मी जूनमध्ये जातेय, आणि तुझी मुलाखत अठ्ठावीसला आहे."

"ठाऊक आहे, मॅडम."

"तुला एका प्रश्नाचं उत्तर आणायचंय. बाईंनी पाहिलं की नाही. एवढंच."

गाडीत मी तीन वेळा ठरवलं की विचारायचंच नाही. सही घ्यायची आणि परीक्षकांना कळवायचं, सदर भाऊजी म्हणजे मधले दीर, खात्री केली. कोण येणार होतं अकोटजवळच्या आमच्या खेड्यात तपासायला? पण मग माझ्या मनात यायचं की जे वाक्य स्वतः पाहिल्याचा पुरावा म्हणून दिलंय, खोटंही मला नेमकं त्याच्याबद्दल बोलावं लागतंय. विचारलं तर घर मोडणार, नाही विचारलं तर मी दर सुट्टीत आई आणि मोठ्या आईच्या पुढे बसून जेवणार आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नसणार. आणि आईला? आईला काहीच माहीत नाही, हे तर मी गृहीतच धरलं होतं. अठरा वर्षं ती पांढऱ्या कपाळानं वावरत होती. ते एका जिवंत माणसासाठी होतं, हे तिला कोण सांगणार?

घरी पोचले तर अंगणात कुरडयांचं काम चाललं होतं. गव्हाचा चीक शिजवून तयार होता. आई तो सोऱ्यात भरत होती आणि मोठी आई बाजेवर अंथरलेल्या धोतरावर कुरडया पाडत होती. दोघींमध्ये कधी दोन हातांचं अंतर पडत नसे. एक आत गेली की दुसरी पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाई. दोन दिवस मला मोठी आई एकटी म्हणून सापडली नाही. विहिरीवर गेली तरी आई मागोमाग कळशी घेऊन हजर.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कागद काढला. दुसऱ्या दिवशी परतायचं होतं.

"मोठी आई, सही पायजे तुयी."

"कायची?"

मी वाचून दाखवलं. माझं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आहे, ते संशोधनासाठी वापरायला माझी हरकत नाही, वगैरे. मोठ्या आईला गंमत वाटली. "माया बोलन्यात काय हाय वं इतकं? इंग्रजीत छापनार?"

"हो."

"अन् कोनती वाक्यं घेतली?"

मी चार-पाच साधी वाचली. म्हशीचं, लग्नाचं, तुरीचं. मग माझ्या तोंडून ते आलंच, आई दोन हातांवर बसलेली असताना. "भाऊजीनं दाढी ठेवली होती. हे कोन्या भाऊजीचं, मोठी आई?"

तिचा हात थांबला नाही, पण कुरडई वेडीवाकडी पडली. "मधल्यायचं," ती म्हणाली. "नवसाची होती ना त्याईची."

"मी टेप ऐकली."

मोठ्या आईनं सोऱ्या खाली ठेवला. आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मग ती म्हणाली, "त्याले मांगून म्हने लावून दे ना. एका शब्दानं काय होते? चंद्रभागाबाईनं सांगतलं असं लिही. मी पाह्यलंच नाही."

"बाई," आई म्हणाली. "राहू दे."

मी आईकडे पाहिलं. तिनं हात धोतराच्या टोकाला पुसले, एकेक बोट वेगळं करून.

"तिनं पाह्यलं," आई मला म्हणाली. "पाहून आली अन् त्याच दिवशी मले सांगतलं. न्हानीत नेऊन सांगतलं, रडत होती. मी म्हनलं, रडू नोको, मले ठाऊक हाय."

"तुले कसं ठाऊक?"

"चिठ्ठी आली होती त्याईची. पुराच्या दोन महिने आंधी. मी येत नाही, वाट पाहू नोको, असं. चुलीत घातली."

"मंग पुराचं तुले कोनं सांगतलं? बाजारात मानूस भेटला होता ना?"

"कोनी भेटलं नाही. रेडिओवर आयकलं, तिकडं पूर आला. मी बाजारातून घरी आली अन् मोठ्या बाबाले सांगतलं, तुमचा भाऊ पुरात गेला. म्हने नाही म्हनलं मी. म्हने म्हनलं असतं तं कोनी आयकलं नसतं. गावानं लावलं म्हने, बाईनं लावलं. मी एकदाही लावलं नाही."

ते खरं होतं. माझ्या लहानपणापासून आई हे एकच वाक्य बोलत आली होती, सरळ, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ते उदाहरण आहे हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

"काहून, आई?"

"टाकलेल्या बाईची पोरगी म्हनून तू इथंच रायली असती. सोळाव्या वर्षी कोनाच्या तरी गळ्यात." तिनं अमरावतीच्या वसतिगृहाचं नाव घेतलं. वडील नसलेल्या मुलींचं ते वसतिगृह होतं. पाचवीपासून बारावीपर्यंत मी तिथं राहिले, तिथूनच पुढे पुण्याला आले. "सरपंचाचा दाखला लागत होता. बाप मेला असा. मी त्याच्यासमोर उभी रायली अन् सांगतलं. त्यानं लिहून देल्लं."

मोठी आई हुंदके देत होती. आई तिच्याकडे वळून म्हणाली, "चीक थंडा होऊन रायला, बाई." मग दोघी पुन्हा कामाला लागल्या. मी कागद हातात धरून तशीच बसून राहिले. आपलं सगळं शिक्षण, ती पुण्याची खोली, मॅडम, बेचाळीस उदाहरणं, सगळं त्या एका वाक्यावर चढत गेलंय, आणि मी त्यातून पाय काढू म्हटलं तर ठेवायला दुसरी जागाच नाही, असं मला त्या उन्हात वाटत होतं.

आणि तरीही, माझी मलाच किळस यावी अशी गोष्ट म्हणजे, डोक्याचा एक भाग लेखात होता. आईनं पाहिलेलं नव्हतं आणि तिनं 'म्हने' लावलं नव्हतं. म्हणजे आमचा नियम चूक होता. 'म्हने' नसणं म्हणजे 'मी पाहिलं' असं नाही. 'याचा भार माझ्यावर' असं ते आहे. पाहिलेल्या गोष्टीचा भार माणूस सहज घेतो, म्हणून आम्हाला ती पाहण्याची खूण वाटली. आईनं न पाहिलेलीचा घेतला.

संध्याकाळी मोठ्या आईनं सही केली. मग मी दुसरा कोरा कागद आईपुढे ठेवला.

"हे काय?"

"तुयं एक वाक्य घेऊ दे, आई. नाव येनार नाही."

तिनं कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला. "मी तुया कागदावर येत नाही, जोसना. तिचं घे. मायं नोको."

"नाव गाव काहीच नसते त्याच्यात."

"तुले तं ठाऊक रायते ना."

निघताना मी तिला बाबांचं विचारलं. मी खंडव्याला जाऊ का? ती दारात उभी होती. "तुले अडवनार नाही," ती म्हणाली. "पन जाऊन आली का अमरावतीलेही जाजो. हॉस्टेलच्या बाईले सांगजो, मायीनं खोटं लिहून देल्लं होतं. दोन्ही कर. एकच नोको करू."

मी कुठेच गेले नाही.

पुण्यात मॅडम वाट पाहत होत्या. मी संमतिपत्र टेबलावर ठेवलं.

"पाहिलं होतं का?"

"हो. स्वतः पाहिलं होतं."

"छान. टीप लिही." त्या उठू लागल्या.

"मॅडम, नियम चूक आहे असं वाटतंय."

त्या पुन्हा बसल्या. "विरुद्ध उदाहरण मिळालं?"

"हो."

"भक्कम आहे?"

"त्याच्याइतकं भक्कम दुसरं नाही."

"संमती?"

"नाही देत."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. "मग ते उदाहरण नाही, ज्योत्स्ना," त्या हळू म्हणाल्या. "ते फक्त तुला माहीत आहे. त्यावर लेख लिहिता येत नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि अठराव्यापासून पुढची उदाहरणं जुळवायला घेतली. चार दिवसांत लेख गेला. मुलाखत झाली, नोकरी लागली. लेख वर्षअखेरीस छापून आला. एखाद्या माणसाचं नाव एकाच कामानं होतं तसं माझं त्या लेखानं झालं. परिषदांमध्ये कुणी ओळख करून द्यायचं तेव्हा 'म्हने'वाल्या अढाऊ मॅडम, असंच. दरवर्षी एम.ए.च्या वर्गात मी तो नियम शिकवत होते. फळ्यावर सोळा आणि सतरा लिहीत होते. मुलं लिहून घेत होती.

मोठी आई गेली, मग २०१९ साली आई गेली. कुणी म्हणेल, आता काय अडचण होती. पण मेलेल्या माणसाची सही कशी आणणार? ती जिवंत असताना तिनं नाही म्हटलं होतं, आणि नंतर ते बदलायला ती नव्हती.

मागच्या वर्षी एका नियतकालिकानं माझ्याकडे परीक्षणाला एक लेख पाठवला. लेखकाचं नाव झाकलेलं होतं, पण दारव्ह्याकडचा कुणी तरुण असावा, उदाहरणं तिकडची होती. त्यानं माझा लेख पानापानानं खोडून काढला होता. त्याच्या घरातल्या एका म्हाताऱ्या बाईनं, आपण कधी न पाहिलेली गोष्ट, सबंध गावासमोर बिनम्हनेची सांगितली होती. तिची सही होती. 'म्हने' नसणं ही पाहिल्याची नव्हे, जबाबदारी घेतल्याची खूण आहे, असं त्यानं लिहिलं होतं. काही ठिकाणी भाषा कच्ची होती, दोन ठिकाणी त्याचा राग दिसत होता. मी तो एका बैठकीत वाचला आणि मग पाणी प्यायला उठले.

मी कळवलं, लेख छापावा. मूळ लेखातला नियम चुकीचा आहे.

आठवड्यानं संपादकांचं पत्र आलं. मूळ लेख आपलाच आहे, तेव्हा आपण असं ठामपणे कशाच्या आधारावर म्हणता, ते दोन ओळींत कळवाल का?

मी त्या पत्रापुढे सकाळभर बसले. दोन ओळी चारदा लिहिल्या आणि चारदा खोडल्या. शेवटी एकच राहिली, ती तशीच पाठवली. आधार देऊ शकत नाही, पण मला माहीत आहे.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या मुलाचा लेख पुढच्या अंकात आला.